देवाची माया समजून घ्यायचीय? मग आधी हिशेबाची वही बाजूला ठेवा

माझी आई बिडी वळायची. रोजच्या हजार. संध्याकाळी सुपातल्या बिड्या बांधून कारखान्यात द्यायला जायची आणि मी तिच्या पदराला धरून मागं मागं. तिथं टेबलावर एक माणूस बसलेला असायचा, तो मूठभर बिड्या उचलायचा, बोटानं दाबून बघायचा, ही ढिली, ही बारीक, हिचं तोंड नीट बंद नाही, आणि काढून बाजूला टाकायचा. बाजूला टाकलेल्याचे पैसे नाहीत. पान तिचं, तंबाखू तिचा, दिवसभर वाकलेली पाठ तिची, पण त्या बिड्या मोजणीत नाहीत. घरी येताना आई काही बोलायची नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पान जरा जास्त भिजवून ठेवायची.

आता मी युनिफॉर्म शिवते, पीस रेटवर. म्हणजे आमच्या घरात दोन पिढ्या मोजूनच पैसे आलेत. हे सगळं कशाला सांगायलेय तर देवाच्या बाबतीत पण माझं डोकं कित्येक वर्षं असंच चालायचं. रविवारी उपासनेला गेले, एक पीस झाला. उपास केला, दोन पीस. आठवडाभर बायबल उघडलं नाही, नवऱ्याशी भांडले, शेजारणीबद्दल वाईट बोलले, हे सगळं रिजेक्ट. आणि पोराला ताप आला की पहिला विचार काय, तर देवानं कापलं बघ. तोंडानं मात्र गाणी म्हणायची, देव प्रेमळ आहे म्हणून. संडेस्कूलला लहान पोरांना तेच शिकवत पण होते, काय की कसं शिकवत होते.

तर "देवाची कधीच न संपणारी प्रीती" हे प्रकरण नुसतं ऐकून डोक्यात शिरत नाही. वर्षानुवर्षं चर्चला जाणाऱ्यांच्या पण शिरत नाही. मला जे करून जरा जरा कळलं ते इथं लिहितेय. मी काही सेमिनरीत शिकलेली नाही, पण पाळकांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, विचारून विचारून त्यांना भंडावून सोडलेलं आहे.

पहिलं काम शब्दाचं आहे, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आपल्या मराठी बायबलात जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात, देवाच्या प्रेमासाठी बहुतेक ठिकाणी "दया" शब्द येतो. स्तोत्र १३६ तर सगळ्यांना पाठ असतंय, त्याची दया सनातन आहे, त्याची दया सनातन आहे, सव्वीस वचनं आणि सव्वीस वेळा तेच. आता खरं सांगा, दया म्हणल्यावर तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? माझ्या समोर आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, रांगेनं बसलेले भिकारी आणि त्यांच्या वाटीत पडणारं नाणं. म्हणजे वरचा माणूस खालच्याला काहीतरी टाकतो आणि पुढं जातो. मग देवाची दया पण तशीच वाटते, वरून टाकलेली, आज टाकली, उद्या टाकेल का नाही माहीत नाही.

पण मूळ हिब्रू शब्द आहे हेसेद. जुन्या करारात अडीचशेच्या आसपास वेळा आलाय, आणि त्याचा अर्थ नाणं टाकणं नाही. त्यात माया आहे आणि शब्द पाळणं पण आहे, दोन्ही एकातच विणलेलं. "मी तुझा म्हणलं ना, मग तुझाच, तू कसाही वागलास तरी" असं काहीतरी. मराठीत एका शब्दात बसत नाही. नव्या करारात, म्हणजे येशूपासूनच्या भागात, ग्रीक शब्द अगापे येतो, तिथं आपल्याकडं "प्रीती" असतं, आणि प्रीती म्हणलं की आमच्या पोरींना सिनेमातलं गाणं आठवतं, त्यांचा काय दोष. म्हणून मी वर्गात सरळ "माया" म्हणते. एका काकांना ते आवडलं नाही, माया म्हणजे भ्रम, मोह, ते आपल्यात नको म्हणाले. मी म्हणलं काका, तुमच्या आईनं तुमच्यावर माया केली तेव्हा तो भ्रम होता का? गप बसले. पण तुम्हाला माया नको वाटत असेल तर दुसरा शब्द घ्या, घरात जो वापरता तो घ्या, फक्त एवढं करा की दया वाचताना भिकाऱ्याची वाटी डोळ्यासमोर आणू नका.

आता वाचायला कुठून सुरुवात करायची. लोक योहान ३:१६ पासून करतात, देवानं जगावर एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला, ते, चांगलंच आहे, पण ते वचन आपण इतक्या वेळा म्हणलेलं असतं की जिभेवरून घसरून जातं, पोटात उतरत नाही. मी सांगेन जुन्या करारातल्या रूथच्या पुस्तकापासून करा. चारच अध्याय, वीसेक मिनिटांत होतं. आणि ती सासू-सुनेची गोष्ट आहे, आपल्याला वेगळं समजवायची गरज नाही.

बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक घर पोट भरायला मवाब देशात जातं, जसं आपल्याकडची घरं पुण्याला जातात. तिथं घरातल्या बाईचा, नामीचा, नवरा वारतो, मग दोन्ही मुलं पण वारतात, राहतात तीन विधवा बायका. गावाकडं परत भाकरी मिळायलीय असं कानावर येतं म्हणून नामी परत निघते आणि सुनांना म्हणते, बायांनो तुम्ही माहेरी जा, माझ्याकडं आता काही नाही तुम्हाला द्यायला. एक सून रडते आणि जाते. ती वाईट नाही बरं का, व्यवहारानं बरोबरच आहे तिचं. पण रूथ जात नाही, तू जाशील तिथं मी येणार, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, तू मरशील तिथं मी मरेन. तिला काय मिळणार होतं? काहीच नाही. सासू तर एवढी कडू झालेली की गावात आल्यावर बायकांना म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, मारा म्हणजे कडू. सूनबाई शेजारी उभी आहे आणि ही म्हणते मी रिकामी परत आले! मला त्या जागी दर वेळी हसू येतं आणि राग पण येतो.

ह्या पुस्तकात हेसेद शब्द तीनदा येतो, आणि बघण्यासारखं असं की त्यातलं एक हेसेद ह्या सुनांचं आहे, परक्या देशातल्या, परक्या देवांच्या घरातल्या. मग बायबल म्हणतंय काय, तर देवाचं प्रेम कसं असतं हे कळायचं असेल तर आधी ह्या रूथकडं बघ. जिला जायची पूर्ण मुभा होती आणि जी गेली नाही. तुमच्या आयुष्यात असं कोण आहे, ज्याला जायची मुभा होती आणि जो गेला नाही, ते नाव वहीत लिहा. माझ्याकडं एकच नाव निघालं, एवढंसं नाव, पण पुरलं.

मग लूक १५. उधळ्या मुलाची गोष्ट. तुम्ही म्हणाल ती तर पाठ आहे. मलापण पाठ होती, त्यामुळंच मला एक गोष्ट वीस वर्षं दिसली नाही.

धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन दूर देशी गेला, सगळं उडवलं, आणि आता डुकरांच्या मागं बसलाय, त्यांच्या शेंगांवर डोळा ठेवून, आणि घरी जाऊन बापाला काय बोलायचं ते मनात जुळवतो. तीन वाक्यं आहेत त्याची. मी पाप केलंय. तुझा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा मी राहिलो नाही. मला तुझ्या एका मजुरासारखं ठेव. बघा, तिसरं वाक्य म्हणजे कामाची मागणी आहे. पीस रेटवर घे म्हणतोय. मी राबतो, तू दे, हिशेब क्लिअर. वचन १९ मध्ये आहे हे. आता वचन २१ उघडा, जिथं तो खरंच बापासमोर उभा राहून बोलतो. पहिलं वाक्य बोलला. दुसरं बोलला. तिसरं नाहीच! बापानं बोलूच दिलं नाही, मध्येच नोकरांना हाक मारली, चांगला झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडे घाला. म्हणजे बापानं पापाची कबुली ऐकून घेतली, लायक नाही तेपण ऐकून घेतलं, पण मजुरीची गोष्ट काढायच्या आतच त्याला घरात घेतलं.

हे मला कळलं तेव्हा मी मशीनवर बसले होते, समोर शर्टाच्या कॉलरचा ढीग, आणि मी पाय थांबवून बसून राहिले तर सुपरवायझर म्हणाला काय झालं ताई, दोरा तुटला का. हो म्हणलं.

ही दोन वचनं शेजारी शेजारी लिहून काढा, १९ आणि २१, हातानं लिहा, मोबाईलवर कॉपी पेस्ट नको. आणि मग बाप धावला हे वचन २० वाचा. त्या काळी घरातला मोठा माणूस, लांब झग्यातला, असा रस्त्यानं धावत नसायचा, लोक हसतील. आपल्या गल्लीतले पांढऱ्या धोतरातले आजोबा भर चौकात धावत सुटले तर कसं दिसेल तसं. पोरगा अजून लांब आहे, एक शब्द बोललेला नाही, आणि हा धावत सुटलाय.

पण गोष्ट तिथं संपवू नका, बरेच जण संपवतात. मोठा भाऊ राहिलाय ना. तो शेतातून येतो, आत नाचगाणं चालू, कळल्यावर दारातच बसतो फुगून. म्हणतो इतकी वर्षं मी तुझी गुलामासारखी चाकरी करतोय, तुझी एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला मित्रांबरोबर मजा करायला साधं करडू दिलं नाहीस. घ्या. हा घरातच राहिला होता पण मजूर म्हणून राहिला होता, धाकटा जे मागायला आला होता तेच हा कधीचा करत होता. ह्या वाक्यात मी मला बघितलं, संडेस्कूलची टीचर, रविवार न चुकवणारी, कुणी चार वर्षांनी चर्चला आला आणि पाळकांनी त्याला पुढं बसवलं की पोटात दुखणारी. तरी बाप त्याच्यासाठीपण बाहेर येतो, विनवतो. एकासाठी धावत गेला, एकासाठी पंगत सोडून दारात आला. मोठा आत गेला का नाही हे येशूनं सांगितलंच नाही.

ह्याच्या जोडीला मत्तय २० वाचा, द्राक्षमळ्यातले मजूर. सकाळी मजूर अड्ड्यावर उभी राहिलेली माणसं तुम्ही बघितली असतील, डबा आणि थापी घेऊन, गाडी थांबली की सगळे धावतात, दहा वाजेपर्यंत ज्याला कुणी उचललं नाही त्याचा दिवस गेला. गोष्टीतला मालक दिवसातून पाच वेळा तिथं जातो, शेवटचा तर दिवस मावळायला तास राहिला असताना, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दीनार देतो, म्हणजे तेव्हाची पूर्ण दिवसाची मजुरी. सकाळपासून राबलेले चिडतात, आणि मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीपण त्यांच्याच बाजूची होते. युनियन असती तर काम बंद पडलं असतं. पण जे पाच वाजेपर्यंत उन्हात कुणी बोलवेल म्हणून उभे राहिले होते त्यांच्या जागी उभं राहून वाचा एकदा. सोलापूरच्या मे महिन्यातलं ऊन धरा.

आता एक प्रश्न हमखास येतो, माझ्या सासूबाई पण विचारायच्या, "म्हणजे काहीही करा आणि देव माया करतोच का? मग चांगलं कशाला वागायचं?" प्रश्न जुना आहे, येशूचा प्रेषित पौल, त्यानं रोमकरांस पत्रात सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो घेतलाय आणि कधीच नाही म्हणून उडवलाय. पण माझ्या सासूबाईंना पौल नको असायचा, गोष्ट पाहिजे असायची. त्यांना मी होशेय सांगायचे. होशेय संदेष्टा, त्याची बायको गोमेर त्याला सोडून दुसऱ्यांकडं जाते, आणि देव त्याला म्हणतो जा, पुन्हा तिच्यावर प्रेम कर. तो जातो आणि तिला विकत आणतो, पंधरा शेकेल चांदी आणि वर दीड होमर जव देऊन, शेकेल आणि होमर ही तेव्हाची मापं. पैसे आणि धान्य मिळून. मला वाटतं रोख कमी पडली असणार, म्हणून घरातलं जव मोजून दिलं असणार, लिहिलेलं नाही पण वाचताना असंच दिसतं. स्वतःचीच बायको, आणि तिला विकत आणतोय. देवाचं म्हणणं असं की इस्राएलाशी, माझ्या लोकांशी, माझंपण हेच चाललंय. सासूबाई म्हणाल्या, मग त्याला लागलं असेल की. हो, लागलंच असणार. माया फुकट नाही हो, आपल्याला फुकट आहे, करणाऱ्याला नाही. येशूचा वधस्तंभ, म्हणजे क्रूस, त्याच्यासाठीच तर आहे. एवढं बघितल्यावर "काहीही करा" असं म्हणायला जीभ रेटत नाही.

येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट पण ह्याच रांगेतली, फक्त एक बारीक जागा दाखवते. योहान १८ मध्ये येशूला धरून नेलेलं असताना पेत्र मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा आहे आणि तिथं तो येशूला ओळखत नाही म्हणतो, तीनदा. योहान २१ मध्ये येशू पुन्हा उठल्यावर समुद्राच्या काठावर भेटतो तेव्हा तिथंपण कोळशाचा विस्तव आहे, ग्रीकमध्ये शब्द तोच, आणि वर मासे भाजायलेत. पेत्राच्या नाकात तो वास गेला असेल ना? शेगडीचा वास आपल्याला माहीत आहे, कपड्यातून जात नाही. येशू आधी म्हणतो या, न्याहारी करा. खाऊन झाल्यावर मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. तीनदा नाकारलं, तीनदा विचारलं. आधी जेवायला घातलं हे मला लई आवडतं.

आता जड भाग. तुम्ही हे सगळं वाचाल आणि मग घरात कुणाला कॅन्सर निघेल, किंवा काम सुटेल, तेव्हा काय.

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, मी तिला रोमकरांस ८ वाचून दाखवायचे. ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळं करील म्हणून पौल यादी देतो, क्लेश, आपत्ती, छळ, दुष्काळ, उघडेपण, संकट, तलवार. "दुष्काळ" आला की आजी दर वेळी मध्येच म्हणायची, "हां, आलता." १९७२ चा. रोजगाराच्या कामावर तिनं खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्लेली जी तिला कधीच गोड लागली नाही. पुढचं वाच म्हणायची. मला तिच्या त्या "आलता" मध्ये अख्खा अध्याय कळला. पौल म्हणत नाही की दुष्काळ येणार नाही, तो यादी देतो म्हणजे ह्या गोष्टी येतात हे धरूनच चाललाय. तो फक्त म्हणतो की त्या मध्ये पडून तोडू शकत नाहीत. त्यामुळं "विश्वास ठेवलास तर आजार येणार नाही" असं कुणी स्टेजवरून सांगत असेल तर रोमकरांस ८ उघडून यादी वाचा आणि गप घरी या.

पुण्याच्या पॅसेंजरनं जाताना दौंडच्या पुढं केडगाव स्टेशन लागतं, तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंचे आई-वडील दुष्काळाच्या वर्षांत गेले, त्या स्वतः उपाशीपोटी गावोगाव फिरलेल्या, आणि पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनीच उपाशी मुली उचलून आणल्या आणि घर दिलं. शेवटची कितीतरी वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणत बसल्या, साध्या बाईला कळेल असं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, पण काम पुरं करून. देव प्रेम करतो हे अशा बाईनं म्हणलं की मी ऐकते. एसी हॉलमधल्यानं म्हणलं तर जरा वेळ लागतो.

आणि इथं माझी एक चूक सांगते, कारण तुम्ही पण ती कराल. संडेस्कूलला मी स्तोत्र १३६ चा खेळ घेते. त्या स्तोत्रात एक ओळ घडलेल्या गोष्टीची, मग "त्याची दया सनातन आहे", असं चालतं ना, तसं प्रत्येक पोरानं आपल्या आयुष्यातली एक ओळ सांगायची आणि सगळ्यांनी मिळून पुढचं म्हणायचं. पोरांना मजा येते. माझा दात पडला, त्याची दया सनातन आहे. आमची शेळी व्याली, त्याची दया सनातन आहे. गणितात नापास झालो, हे तर सगळ्यात जोरात. तसं चाललेलं असताना एक पोरगा म्हणाला, "पप्पा रोज पिऊन येतात आणि मम्मीला मारतात." वर्ग एकदम गप. कुणी पुढचं म्हणेना. आणि मी काय केलं, तर घाबरून मीच मोठ्यानं "त्याची दया सनातन आहे" म्हणून टाकलं आणि पुढच्या पोराकडं वळले. त्या पोरानं खाली बघितलं. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

तिथं थांबायला पाहिजे होतं. बायबलातच थांबायच्या जागा आहेत की. स्तोत्र १३ सुरूच होतं "किती काळ?" म्हणून, देवाला तोंडावर विचारलंय, किती काळ मला विसरणार आहेस. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी एकही गोड ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. म्हणजे देवाची माया समजून घ्यायची म्हणजे सगळं बरं आहे म्हणायचं नाही. त्याच्यापुढं ओरडता येतं हापण मायेचाच पुरावा आहे, परक्या माणसापुढं कोण ओरडतंय. दुःखाच्या घरात गेलात तर वचनं फेकू नका, बसा, चहा करा, हवं तर ८८ वाचा.

दुसरं, त्या पोराला "देव आपला बाप आहे" एवढंच सांगून कसं चालेल? त्याच्या डोक्यात बाप म्हणल्यावर काय येणार? ज्यांचं बापाशी असं आहे त्यांच्यासाठी यशया ४९ काढा, वचन १५, आई आपल्या अंगावरच्या लेकराला विसरेल का, आणि ती विसरली तरी मी तुला विसरणार नाही. पुढच्याच वचनात देव म्हणतो मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलंय. मत्तय २३ मध्ये येशू स्वतःला कोंबडीसारखं म्हणतो, पिलं पंखाखाली घेणारी. पोरगा तिसऱ्या रविवारी आला तेव्हा त्याला मी कोंबडीचं सांगितलं. त्यांच्याकडं कोंबड्या आहेत. म्हणाला टीचर, कोंबडी कुत्र्याला पण टोचते. हो म्हणलं, टोचते.

शेवटी रोजचं कसं करायचं ते.

इथं सोलापुरात पाण्याचं सगळ्यांना माहीत आहे, नळाला चार चार दिवसांनी पाणी येतं, कधी पाच. म्हणून आपल्याला साठवायची सवय लागलेली, पिंपं, कळश्या, बादल्या, दुधाच्या पिशव्या धुवून त्यातपण भरणारी बाई मी बघितलीय. आपण देवाचं पण तसंच करतो, वर्षातून एकदा तीन दिवसांच्या सभेला जायचं, भरभरून घ्यायचं आणि पुढच्या सभेपर्यंत पुरवायचं. नाही पुरत. निर्गम १६ मध्ये रानात मान्ना, म्हणजे देवानं वरून दिलेलं अन्न, पडायचा तेव्हा लोकांनी हेच केलं, उद्यासाठी ठेवला तर सकाळी किडे पडले आणि वास सुटला, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा टिकायचा. विलापगीत ३ मध्ये त्याची करुणा रोज सकाळी नवी होते म्हणलंय. ते पुस्तक जळालेल्या यरुशलेमेवर रडलेलं आहे, पाच अध्याय रडणं आणि बरोबर मधल्या अध्यायात ही ओळ, ती कुणी पोट भरलेल्या माणसानं लिहिलेली नाही.

म्हणून थोडं पण रोज. दहा मिनिटं बास. मोठ्यानं वाचा, मनात नको, मनात वाचलं की डोळे पळतात. एक वही करा आणि रात्री तीच एक ओळ लिहा, आज मला न कमावता काय मिळालं. पहिले आठ दिवस काही सुचत नाही, आपल्याला कमावलेलंच दिसतं. मग हळूहळू दिसायला लागतं, कुणी बसमध्ये जागा दिली, कॉलर चुकली तर शेजारच्या मशीनवालीनं न सांगता उसवून दिली. आणि आठवड्यातून एक गोष्ट अशी करा की जिचा हिशेब ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं पण नाही. शेंगाची चटणी करताना एक डबा जास्त करा आणि ज्या शेजारणीशी बोलणं बंद आहे तिच्या दारात ठेवा. डबा परत आला का हे बघत बसायचं नाही. मला हे अजून जमत नाही, माझे दोन स्टीलचे डबे कुठं आहेत हे मला अजून बरोबर माहीत आहे.

काही वाटलं नाही तरी वाचत राहा. वाटणं हे पाण्यासारखं आहे, येतं जातं. स्तोत्र २३ च्या शेवटी देवाचं भलेपण आणि हेसेद आयुष्यभर माझ्या मागं येईल असं आहे, आणि हिब्रूत ते "मागं येणं" म्हणजे पाठलाग करणं आहे, शत्रू पाठलाग करतो त्याला जो शब्द वापरतात तोच. म्हणजे तुम्ही शोधायलाय असं वाटत असलं तरी पळणारे तुम्हीच आहात.

वेळ कुठली विचाराल तर मी पाण्याच्या दिवशीच सुरू केलं. पहाटे चारला नळ येतो, मोटर लावली की पाइप धरून बसण्याशिवाय दुसरं काम नसतं, झोपता पण येत नाही. रूथचे चार अध्याय वाचून होईपर्यंत आमची दोन पिंपं भरतात. उद्या आमच्याकडं पाणी आहे, मी लूक १५ परत काढणार आहे, मोठ्या भावापासून.